घोटा सुजलाय: एक डॉक्टर म्हणतात एक्स-रे नको, दुसरे म्हणतात प्लास्टर घाला

पत्र

नमस्कार. आम्ही इंदिरानगर, नाशिकला राहतो. माझा मुलगा १० वर्षांचा आहे, वजन २८ किलो. मंगळवारी शाळेत खो-खो खेळताना खांबाला वळसा घेताना त्याचा उजवा पाय आत मुरगळला. संध्याकाळपर्यंत बाहेरच्या घोट्यापाशी लिंबाएवढी सूज आली, म्हणून रात्री एका कॅज्युअल्टीत नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी दुखण्याचं औषध दिलं, अर्ध्या तासाने चांगला दहा मिनिटं पाय दाबून पाहिला आणि त्याला चालायला लावलं. तो लंगडत चालला. दुखत होतं ते घोट्याच्या जरा पुढे आणि खाली. 'एक्स-रेची गरज नाही, आठवड्याने दाखवा' म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. घरी मोठे दीर चिडले, की एवढी सूज आणि साधा एक्स-रे नाही? दुसऱ्या दिवशी दुसरीकडे नेलं. तिथे एक्स-रे काढला. फ्रॅक्चर दिसत नाही, पण ग्रोथ प्लेटला इजा असू शकते, या वयात धोका नको, असं सांगून कच्चं प्लास्टर घातलं. सोमवारी तीन आठवड्यांचं पक्कं प्लास्टर घालायला बोलावलंय. सासूबाई म्हणतात प्लास्टर काढा आणि पंचवटीत एक जण पाय चोळून देतात त्यांच्याकडे न्या. पहिले डॉक्टर निष्काळजी होते का? प्लास्टर घालू की नको? महिन्याभराने त्याची मॅच आहे, तोवर तो खेळेल का?
– एक आई

उत्तर

ताई, सुरुवात सासूबाईंच्या मुद्द्यापासून करू. बाकीचं सोमवारपर्यंत थांबेल, हे थांबणार नाही. पाय चोळायचा नाही. मुरगळलेल्या घोट्यात लिगामेंटचे, म्हणजे हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्यांचे, धागे ताणलेले किंवा तुटलेले असतात आणि त्यातून झिरपलेल्या रक्ताची सूज असते. चोळलं की ते पुन्हा झिरपतं. हाडाला बारीक चीर असलीच तर ओढाताणीत ती सरकू शकते. 'कट्‌ आवाज आला म्हणजे बसलं' हा तर निव्वळ गैरसमज आहे. लचकेत काही निखळलेलंच नसतं, मग बसवणार काय? आंबेहळदीचा कोमट लेप सूज उतरवतो की नाही यावर आम्ही सासूबाईंशी वाद घालणार नाही. फक्त कढत लेप नको, फोड आलेल्या कातडीवर नको आणि कच्च्या प्लास्टरच्या आत तर नकोच. (पायाळू माणसाची लाथ कमरेतल्या उसणीसाठी सांगतात, घोट्यासाठी नाही. तेवढा तरी नियम पाळावा.)

आता पहिल्या डॉक्टरांविषयी. तुमच्या पत्रातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटलेली माहिती म्हणजे 'चांगला दहा मिनिटं दाबून पाहिला आणि चालायला लावलं'. रात्रीच्या गर्दीत एक्स-रेची चिठ्ठी लिहायला दहा सेकंद लागतात, पाय नीट तपासायला दहा मिनिटं. ज्यांनी ती दिली त्यांना निष्काळजी म्हणता येणार नाही. ते नेमकं काय शोधत होते ते सांगतो, म्हणजे दीरांनाही समजावता येईल.

घोट्याचा एक्स-रे कधी काढायचा याचे ठरलेले निकष आहेत. कॅनडातल्या ओटावा शहरात इयान स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ते मांडले, म्हणून त्यांना 'ओटावा नियम' म्हणतात. घोट्याभोवती दुखत असेल आणि पुढच्या तीनपैकी एक गोष्ट असेल तर एक्स-रे काढायचा. एक, बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड किंवा टोक दाबल्यावर दुखणं. कड म्हणजे टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंतची. दोन, आतल्या घोट्याच्या बाबतीत तेच. तीन, दुखापतीनंतर लगेच आणि दवाखान्यात, अशा दोन्ही वेळी चार पावलं टाकता न येणं. पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल तर आणखी दोन जागा पाहतात: करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर लागणारा उंचवटा, आणि आतल्या घोट्याच्या पुढे-खाली असलेलं नॅव्हिक्युलर हाड. हे निकष मुळात मोठ्यांसाठी होते. पुढे मुलांवर झालेल्या बारा अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये आला, तेव्हा पाच वर्षांपुढच्या मुलांतही हे निकष सुमारे ९८ टक्के फ्रॅक्चर पकडतात असं दिसलं.

या यादीत काय नाही तेही पाहा. सूज किती मोठी आहे, हे नाही. काळं-निळं झालंय का, हे नाही. मुरगळताना आवाज आला का, हेही नाही. लिंबाएवढी सूज पाहून घरच्यांचा धीर सुटतो हे खरं, पण लिगामेंट तुटल्यावर येणारी सूज बारीक फ्रॅक्चरच्या सुजेपेक्षा मोठी असू शकते. सुजेच्या आकारापेक्षा तिची जागा महत्त्वाची. बाहेरच्या घोट्याच्या पुढे आणि खाली, जिथे बोट दाबलं तर हाडाऐवजी मऊ खड्डा लागतो, तिथली सूज बहुतेक वेळा लिगामेंटची असते. तुमच्या मुलाला दुखत होतं ती हीच जागा.

आणि 'चार पावलं' म्हणजे झोकात चालणं नव्हे. प्रत्येक पायावर दोनदा भार आला की झालं, लंगडत का होईना. तो लंगडत चालला म्हणजे या परीक्षेत पास झाला. आधी औषध देऊन मग चालवलं हेही बरोबर केलं. दुखण्याने रडणारं मूल कुठलंच हाड मोडलेलं नसलं तरी पाय टेकवत नाही. त्या अवस्थेत पाहिलं तर सगळ्याच मुलांचा एक्स-रे निघेल.

मुलांचा पाय दाबून पाहण्याचं एक तंत्र आहे. ते जमलं नाही तर वरचे सगळे निकष कागदावरच राहतात. दोन्ही पायांतले बूट-मोजे काढायचे आणि आधी चांगला पाय दाबायचा, म्हणजे मुलाला कळतं की दाबणं म्हणजे दुखवणं नव्हे. मग त्याला म्हणायचं, एकाच बोटाने दाखव कुठे दुखतं ते. ती जागा सर्वांत शेवटी तपासायची. सुरुवात गुडघ्याच्या खालून, बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या डोक्यापासून. घोटा मुरगळताना आलेला पीळ कधीकधी हाडातून वर सरकतो आणि फ्रॅक्चर तिथे निघतं, तेव्हा घोट्याचा एक्स-रे अगदी स्वच्छ येतो. तिथून बोट-बोट खाली यायचं. पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं एकमेकांकडे दाबायची. त्याने घोट्याच्या वर कळ आली तर दोन हाडांना जोडणारा पडदा दुखावलेला असू शकतो आणि ती साधी लचक राहत नाही. मग टाच, टाचेमागची शीर, पावलाची कड, आतला घोटा आणि शेवटी बाहेरचा. दाबायचं एका बोटाच्या टोकाने, आपलं नख पांढरं होईल इतकं. पंज्याने चाचपलं तर सगळंच दुखतं आणि काहीच कळत नाही. डोळे मुलाच्या पायाकडे नव्हे, चेहऱ्याकडे. मूल 'दुखतंय' म्हणतं ते प्रत्येक वेळी, पण कपाळाला आठी पडते ती एकाच ठिकाणी. मध्ये त्याला शाळेचं, खो-खोचं काहीतरी विचारत राहायचं. बोलता बोलता ज्या जागी शब्द अडखळतो, ती जागा पुन्हा एकदा दाबून पाहायची.

याच्या जोडीला पावलाच्या वरची आणि आतल्या घोट्यामागची नाडी, अंगठ्याचं नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत परत येणारा गुलाबी रंग, अंगठा आणि शेजारच्या बोटामधल्या बेचक्यातली संवेदना आणि बोटांची हालचाल हे पाहतात. त्याला मिनिटही लागत नाही, पण ते आधी करायचं असतं.

दीरांचा प्रश्न तरी उरतोच: एक्स-रे काढला असता तर बिघडलं काय असतं? रेडिएशनचं म्हणाल तर काही नाही. घोट्याच्या एक्स-रेचा डोस इतका कमी, की आपण एका दिवसात जमिनीतून आणि आकाशातून जेवढं रेडिएशन घेतो त्यापेक्षाही तो कमी भरतो. 'रेडिएशनमुळे काढला नाही' असं कुणी सांगितलं तर ते कारण आम्हाला लंगडं वाटतं. खरी अडचण दुसरी आहे. मुलांच्या हाडांत मुळातच रेघा असतात. प्रत्येक लांब हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते, तिलाच ग्रोथ प्लेट म्हणतात. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, त्यामुळे तिथे काळी फट दिसते. न सरावलेल्या नजरेला ती फट तडा वाटते. पावलाच्या बाहेरच्या कडेवरच्या त्या उंचवट्याजवळ तर साधारण १० ते १४ वर्षांच्या मुलांत हाडाचा एक वेगळा कपचा दिसतो आणि तो हमखास फसवतो. ओळखायची खूण सोपी आहे. या उंचवट्यापाशी वाढीची रेघ हाडाच्या लांबीला समांतर धावते, फ्रॅक्चरची रेघ हाडाला आडवी जाते. बाहेरच्या घोट्याच्या टोकाखाली एखादा गोल गुळगुळीत दाणा असतो, तोही बहुतेकदा ताज्या दुखापतीचा नसतो. दाबून न दुखणाऱ्या जागी एक्स-रेत दिसलेल्या रेघेवर प्लास्टर चढतं, ते असं. आणि प्लेट ट्यूबलाइटसमोर धरून व्हॉट्सॲपवर मावसभावाला पाठवली की त्यात आणखी तीन मतांची भर पडते. तो फोटो पाहून कोणीही काही ठरवू नये.

म्हणजे एक्स-रे काढायचाच झाला तर बोट ठेवून काढायचा: 'इथे दुखतंय, इथे काय दिसतंय?' चिठ्ठीवर नुसतं 'घोटा' लिहिण्यापेक्षा ही जागा लिहिलेली असेल तर वाचणाऱ्याला निम्मं काम सोपं होतं.

आता दुसऱ्या डॉक्टरांकडे वळू. त्यांनी सांगितलं ते मनाने रचलेलं नाही. कित्येक वर्षं सगळीकडे हेच शिकवलं गेलं, की मुलांची लिगामेंट हाडांपेक्षा चिवट असतात. घोटा मुरगळला तर लिगामेंट तुटण्याआधी ग्रोथ प्लेट सरकते. म्हणून बाहेरच्या घोट्यावर सूज, हाडावर दुखणं आणि एक्स-रे स्वच्छ असं दिसलं की 'ग्रोथ प्लेटचं न दिसणारं फ्रॅक्चर' समजून तीन ते चार आठवडे प्लास्टर. टोरांटोच्या सॉल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ मध्ये ग्रोथ प्लेटच्या फ्रॅक्चरचे पाच प्रकार मांडले, त्यातला हा पहिला प्रकार.

मग टोरांटोतच कॅथी बूटिस आणि सहकाऱ्यांनी ही समजूत तपासून पाहिली. अशी शंका असलेल्या, पण एक्स-रे स्वच्छ असलेल्या १३५ मुलांचा एमआरआय केला. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. ग्रोथ प्लेटचं फ्रॅक्चर निघालं फक्त चौघांत. लिगामेंटची दुखापत निघाली १०८ जणांत. म्हणजे मुलांची लिगामेंटही आपल्यासारखीच मुरगळतात. काहींमध्ये लिगामेंटबरोबर हाडाचा टवकाही निघालेला होता, एक्स-रेत न दिसणारा. पण या सगळ्या मुलांना प्लास्टर न घालता काढता-घालता येणारा ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारा पट्टा, दिला होता आणि झेपेल तसं हिंडू-फिरू दिलं होतं. महिन्याभराने टवका निघालेली आणि न निघालेली मुलं सारखीच हिंडत होती. याच गटाने त्याआधी, २००७ मध्ये, बाहेरच्या घोट्याची साधी फ्रॅक्चर असलेल्या मुलांत ब्रेस आणि प्लास्टर यांची थेट तुलना केली होती. चार आठवड्यांनी ब्रेसवाली मुलं रोजच्या हालचालींत पुढे होती.

यातूनच मुलांसाठी आणखी एक नियम रूढ झालाय, कमी धोक्याच्या घोट्याचा. दुखापत तीन दिवसांच्या आतली असावी, वय ३ ते १६ असावं आणि दुखणं-सूज फक्त बाहेरच्या घोट्याच्या टोकाभोवती आणि तिथल्या लिगामेंटवर, पुढच्या सांध्याच्या रेषेच्या खाली असावी. असं असेल तर हाडावर दुखत असलं तरी एक्स-रे टाळता येतो, कारण तिथे निघणारं फ्रॅक्चर आणि लचक यांचा उपचार एकच असतो. दोन नियमांतला फरक समजून घ्या. ओटावा नियम म्हणतो, कुठलंही मोठं फ्रॅक्चर सुटता कामा नये. हा म्हणतो, उपचार बदलणारं फ्रॅक्चर सुटता कामा नये. कॅनडात हा नियम आपत्कालीन विभागांत वापरून पाहिला तेव्हा मुलांचे एक्स-रे सुमारे एक पंचमांशाने घटले, त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. तुमचा मुलगा तुमच्या वर्णनावरून दोन्ही नियमांनी 'एक्स-रे नको'च्या बाजूला पडतो. पहिले डॉक्टर बरोबर होते, असं आमचं मत.

दुसरे चूक होते का? जुन्या पद्धतीने सावध होते, एवढंच म्हणू. तीन आठवड्यांच्या प्लास्टरने हाडाचं काही वाईट होत नाही. पण पोटरी बारीक होते, घोटा आखडतो, पावसाळ्यात ते भिजतं आणि शाळेच्या जिन्यावर कुबड्या घेऊन जाणारं मूल दुसऱ्यांदा पडतं. एवढी किंमत मोजण्यासारखं काही हाती लागत नाही, असं आता दिसतंय.

तरी घरी कात्री घेऊन प्लास्टर कापू नका. आम्ही पाय पाहिलेला नाही. सोमवारी जा आणि पक्कं प्लास्टर घालण्याआधी कच्चं सोडून पाय पुन्हा दाबून पाहायला सांगा. तोवर सूज बरीच उतरलेली असते आणि तपासणी पहिल्या दिवसापेक्षा जास्त खरी निघते. डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा. 'हाडावर, घोट्याच्या टोकाच्या साधारण दोन बोटं वर, कडेला दाबल्यावर दुखतंय का, की खाली मऊ जागी?' आणि 'आतल्या घोट्यावर किंवा पुढच्या सांध्यावर दुखतंय का?' दुखणं फक्त बाहेर आणि खाली असेल तर सरळ म्हणा, की प्लास्टरऐवजी ब्रेस चालेल का, दहा दिवसांनी परत दाखवू. बहुतेक डॉक्टर हो म्हणतील. आत किंवा पुढे दुखत असेल, तर त्यांचं ऐका. ते हाड टिबियाचं, म्हणजे नडगीचं, शरीराचा भार घेणारं. तिथली ग्रोथ प्लेट दुखावली तर पाय वाकडा वाढण्याचा धोका खरा असतो. बाहेरच्या फिब्युलाच्या बाबतीत तो नावापुरता.

सोमवारपर्यंत कच्च्या प्लास्टरची काळजी अशी. पाऊल काटकोनात आहे ना, ते पाहा. बोटं खाली लोंबत असतील तर टाचेमागची शीर आखडते, तसं असेल तर बदलून घ्या. झोपताना पाय दोन उशांवर, छातीपेक्षा वर. बोटांची टोकं उघडी हवीत आणि दिवसातून चार-पाच वेळा नख दाबून रंग पाहायचा. बोटं पांढरी-निळी पडली, गार झाली, बधिर झाली, किंवा औषध देऊनही मूल वाढत्या कळांनी तळमळतंय आणि कोणी बोटं वर उचलली तर किंचाळतंय, असं झालं तर सकाळची वाट पाहायची नाही. बँडेज सैल करा आणि त्याच वेळी कॅज्युअल्टी गाठा. प्लास्टरमध्ये खाज आली म्हणून पट्टी किंवा विणकामाची सुई आत घालू देऊ नका.

दुखण्याचं औषध. २८ किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ४२० मिलिग्रॅमपर्यंत, दर सहा तासांनी, दिवसात चार वेळांपेक्षा जास्त नाही. बाटलीवरचा आकडा वाचा, घोळ तिथेच होतो. '५ मिलीत २५०' लिहिलेलं सिरप असेल तर ८ मिली, '५ मिलीत १२०' असेल तर १७ मिली. घरात दोन्ही बाटल्या असतात आणि माप एकच लक्षात राहतं. आयबुप्रोफेन किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, पोटात काहीतरी गेल्यावर. पण ज्या सिरपच्या लेबलवर 'आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल' अशी दोन्ही नावं आहेत, त्याच्यासोबत वेगळं पॅरासिटामॉल देऊ नका, डोस दुप्पट होतो. पावसाळ्यात मुलाला ताप असेल तर आयबुप्रोफेन बंद, कारण डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन मुलांना नाही. कपाटात जुनं निमेसुलाइड असेल तर फेकून द्या. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ते भारतात २०११ पासून बंद आहे.

ब्रेस मिळाला, किंवा क्रेप बँडेजवर परतलात, तर बर्फ कपड्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, पहिले दोन-तीन दिवस. कातडीवर थेट बर्फ ठेवला तर तीही पोळते. क्रेप बोटांच्या मुळापासून वरच्या दिशेने, टाच झाकून, आधीच्या वेढ्यावर अर्धा वेढा चढवत. घोट्यापाशी घट्ट आणि वर सैल ठेवा, उलटं नको. मागच्या घडीवर सुरकुती राहिली तर रात्री फोड येतो. झोपताना बँडेज सोडून ठेवा. पाय टेकवायला हरकत नाही. दुखेल तिथे थांबायचं, एवढाच नियम. पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर पाय हलवायला लावा: खुर्चीवर बसून अंगठ्याने हवेत बाराखडी लिहायची. 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत दिवसातून दोनदा. मुलं हे आवडीने करतात आणि घोटा सगळ्या दिशांना फिरतो. चालताना लंगडणं संपलं की दात घासताना दुखऱ्या पायावर उभं राहायचं, आधी १० सेकंद, मग ३०. मग टाचा उचलून चवड्यांवर. हा भाग लोक सोडून देतात आणि मग तोच घोटा दोन महिन्यांत पुन्हा मुरगळतो, कारण सूज गेली तरी लिगामेंटचा तोल सांभाळण्याचा सराव गेलेला असतो.

सात ते दहा दिवसांनी एकदा दाखवणं मात्र टाळू नका, बरं वाटत असलं तरी. पहिल्या डॉक्टरांच्या 'आठवड्याने दाखवा'ला अर्थ होता. तपासणीत क्वचित काही सुटतं, ते याच भेटीत सापडतं. दहाव्या दिवशीही हाडावर बोट ठेवल्यावर दुखत असेल, तर तेव्हा एक्स-रे काढायचा. फ्रॅक्चर असेल तर तोवर हाड भरायला लागलेलं दिसतं.

तुमच्या घरात किंवा शेजारी दुसऱ्या वयाची मुलं असतील तर हे सगळं जसंच्या तसं लावू नका. तीन वर्षांखालचं मूल घसरगुंडीवरून उतरलं आणि पाय टेकवेना, तर ते घोट्यापेक्षा नडगीच्या हाडाचं पीळदार फ्रॅक्चर असू शकतं. पहिल्या एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसतही नाही, आठ-दहा दिवसांनी दिसतं. १२ ते १५ वर्षांच्या मुलांचा धोका वेगळा. या वयात टिबियाची ग्रोथ प्लेट मधून आणि आतून आधी मिटते, बाहेरची कड शेवटी. पाय बाहेर पिळवटला की तो न मिटलेला कोपरा लिगामेंटबरोबर उपटला जातो. सूज घोट्याच्या पुढे, बाहेरच्या अंगाला असते, मूल चालायला तयार नसतं, आणि लोक त्याला लचक समजतात. तिथे एक्स-रे हवाच, कधी सीटी स्कॅनही. तुकडा दोन मिलिमीटरहून जास्त सरकला असेल तर ऑपरेशन लागू शकतं.

आणि एक फसवी गोष्ट, जी कुठल्याच वयात विसरू नये. मूल पाय टेकवत नाही, घोटा गरम आहे, अंगात ताप आहे, आणि घरचे सांगतात 'परवा पडला होता'. मुलं रोजच पडतात. हाडात किंवा सांध्यात पू झाला असेल तर त्या पडण्याच्या गोष्टीमुळे दोन-तीन दिवस वाया जातात आणि तेवढ्यात सांधा खराब होतो. ताप आणि न टेकवणारा पाय हे एकत्र दिसलं की क्रेप बँडेज नाही, त्याच दिवशी रक्त तपासणी. पाय वाकडा दिसतोय, जखमेतून हाड दिसतंय, बोटं गार पडलीत, असं असेल तर उशी किंवा पुठ्ठ्याचा आधार देऊन, पाय जसा आहे तसाच ठेवून, १०८ ला फोन करा. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात कॅज्युअल्टी रात्रभर चालू असते. मुलाला वाटेत काही खायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

राहता राहिली मॅच. तारखेवर ठरवू नका, लंगडीवर ठरवा. दुखऱ्या पायावर सलग दहा उड्यांची लंगडी घालता आली, दुसऱ्या पायाइतकी उंच आणि तोंड वाकडं न करता, की सरळ रेषेत पळायला लावा. ते जमलं की इंग्रजी आठच्या आकाराच्या रिंगणात, दोन्ही बाजूंना वळत. मग खांबाला वळसा, आधी हळू, मग खो मिळाल्यावर जसा घेतो तसा. हे तिन्ही टप्पे दुसऱ्या दिवशी सूज न येता पार पडले तर त्याला खेळू द्या. साध्या लचकेला दोन आठवडे पुरतात, बऱ्यापैकी फाटलेल्या लिगामेंटला चार ते सहा. महिन्याभरात तो कदाचित पाठलागाला उतरेल. निदान बसलेल्या आठ जणांत तरी एका जागी बसवा असं सरांना सांगू नका, कारण खो मिळाल्यावर उठून पळावं लागतं ते त्याच पायावर.